लल्ला मन्नूबियाचा उजवा हात

आमच्या उम्मीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गावातल्या सगळ्या बायका टरकून असायच्या, आणि प्रत्येकीला त्या एकदा तरी लागणारच होत्या. त्या मयत धुवायच्या. बाईमाणूस गेलं की एक निरोप मशिदीत जायचा आणि दुसरा आमच्या दारात यायचा. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. म्हातारी, बाळंतीण, दुखण्यानं काडी झालेली, गाडीखाली सापडलेली, कुणालाच त्यांनी नाही म्हटलं नाही आणि कुणाकडून एक दिनार घेतला नाही. लोक फार तर साबणाच्या वड्या आणि साखर ठेवून जायचे. गाव त्यांना मानानं लल्ला मन्नूबिया म्हणायचं. पण लग्नघरी कुसकुस वाफवायला या लल्लाला कधी बोलावणं आलं नाही. त्या हम्माममध्ये, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, शिरल्या की बायका बादल्या उचलून पलीकडे सरकायच्या. त्यांचा हात जिवंत अंगाला लागला की वर्षाच्या आत वरचं बोलावणं येतं, अशी समजूत. शेवटी उम्मींनी हम्माम सोडला आणि घरातच तांब्या-बादलीनं अंघोळ उरकायला लागल्या.

त्यांच्याही तोंडात जीभ होती. वाणिणीनं डाळ कमी घातली की दुकानाच्या पायरीवरूनच म्हणायच्या, "घाल, अशीच घाल. तुला धुताना मी पाणी गार घेईन." गल्ली हसायची आणि वाणीण मुकाट्यानं आणखी मूठभर टाकायची.

या कामात त्या पडल्या बहिणीमुळं. जैतुनाच्या तोडणीचे दिवस होते. बहीण बाळंतपणात गेली आणि त्या वेळची धुणारी दुसऱ्या गावाला गेलेली. बहीण अंगणात चादरीखाली, आणि जमलेल्या बायका भिंतीला पाठ लावून उभ्या. उम्मींनी बाह्या वर सारल्या. "तिला ताटकळत ठेवायची लाज वाटली," एवढंच त्या सांगायच्या. त्या दिवसापासून गावानं त्यांना सोडलं नाही.

मी या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली. तेवढी वर्षं मी त्यांच्या हाताखाली पाणी ओतलं. फक्त पाणी. अंगाला हात लावायचा तो त्यांनीच. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझा स्वार्थ होता, आणि तो झाकून मला काही सांगायचं नाही. उम्मींचा हात गेला असता तर गाव माझ्या दारात आलं असतं. मला ते काम नको होतं. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. धुणारीच्या नातीला मागणी घालताना लोक दोनदा विचार करतात, धुणारीच्या मुलीला घालताना दहादा करतील.

फेब्रुवारीत शाळामास्तरांची आई गेली. आम्ही दोघी आत होतो, दार लावलेलं. उजवी बाजू धुऊन झाली होती आणि फरशीवर साबणाचं पाणी साचलं होतं. उम्मी पायाकडून डोक्याकडे यायला वळल्या आणि घसरल्या. बहात्तर वर्षांचं शरीर, सगळा भार उजव्या खांद्यावर. आवाज ऐकून मला वाटलं, धुवायची फळी मोडली. फळी शाबूत होती. उम्मी फरशीवर बसल्या होत्या, ओठ पांढरे, आणि उजवा हात डाव्यानं धरलेला, कुणी दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.

मी दाराकडे धावले, तर म्हणाल्या, "दार उघडू नकोस. ही अर्धी राहिलीय."

कफनाची उरलेली पट्टी घेऊन त्यांनी मला स्वतःचा हात छातीशी बांधायला लावला आणि उरलेली बाजू डाव्या हातानं धुतली. केसांच्या तीन वेण्या मात्र एका हातानं घालता येईनात. त्या मी घालाव्यात म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. मी घातल्या, डोळे मिटून. मयताला पहिल्यांदाच माझा हात लागला. घरी आल्यावर मी तीनदा साबण लावला तरी वास जाईना.

आमच्याकडे हाड मोडलं की आधी हाडवैद्य. शिकलेलेही त्याच्याकडेच जातात आणि मग गुपचूप डॉक्टरकडे. त्यानं बोटांनी चाचपलं, मान हलवली, आणि "हे आतून फुटलंय, माझं काम नाही" म्हणून कॉफीलाही न थांबता गेला. तेव्हा मी खरी घाबरले. जो माणूस गाढवाच्या मोडलेल्या पायालाही नाही म्हणत नाही, तो उठून गेला होता.

माझा नवरा रिधा वडापची गाडी चालवतो. त्यानं प्रवासी उतरवले आणि आईला मागच्या सीटवर आडवं करून रुग्णालयात नेलं. डॉक्टर शेबिल म्हणून तिथं हाडांचा डॉक्टर होता, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं. मला तो आवडला, कारण तो खोटं बोलला नाही. फोटो उजेडात धरून त्यानं दाखवलं की खांद्याच्या गोळ्याचे तीन तुकडे झालेत. दोन वाटा आहेत म्हणाला. हात झोळीत ठेवायचा, तीन आठवड्यांनी व्यायाम सुरू करायचा, दुखणं हळूहळू कमी होईल आणि हात छातीपर्यंत येईल. किंवा कापायचं, पट्टी आणि खिळे घालायचे. मग कदाचित हात डोक्याच्या वर जाईल. कदाचित छातीपर्यंतच राहील आणि कापल्याचं दुःख वर. या वयात आणि साखर असताना धोके आहेत, जंतू, भूल, रक्ताची गुठळी. शंभरात एखादीला काहीतरी वाईट होतं. दहा-बारा दिवसांत ठरवा, नंतर हाड आहे तिथं धरायला लागतं.

मी विचारलं, तुमची आई असती तर काय केलं असतं?

"तिला झोळी दिली असती," तो म्हणाला. "पण माझी आई दिवसभर टीव्ही बघते. तिला हात वर करून कुठं न्यायचाय? यांचं काम काय?"

रिधा खाली बघायला लागला. परक्या माणसासमोर तो आईचं काम कधी सांगत नाही. उम्मींनीच सांगितलं. डॉक्टरनं त्यांच्या त्या हाताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, मग तुम्हीच ठरवा.

गाडीतच रिधानं ठरवून टाकलं. कापायचं नाही. आयुष्यभर केलं, आता बसून खा म्हणाला. तो मनापासूनच बोलत होता. आईनं हे काम सोडावं म्हणून तो पंधराव्या वर्षापासून कुढत होता, आता देवानंच परस्पर सोडवलं असं त्याला वाटलं. घरी आल्यावर उम्मी गादीवर बसल्या आणि सांगितलं, त्यांचंही तेच ठरलंय. कारण मात्र वेगळं होतं.

त्यांनी डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली. शेलबिया, खुब्याला टाके, विसाव्या दिवशी गेली. बेया, गुडघा, चाळिसाव्या दिवसाच्या आत. तेलघाण्याच्या मालकाची बायको, तिच्या तर पिना अजून अंगात होत्या, धुताना हातमोज्याला अडकत होत्या. कुणाची मांडी, कुणाचं पोट, कुणाची पाठ. नावं, बाजू, टाक्यांचे आकडे, सगळं तोंडपाठ. अर्धा तास त्या सांगत होत्या.

"सतरा," त्या म्हणाल्या. "टाक्यांसकट सतरा जणींना धुतलं मी. त्यातली एकही उठली नाही. डॉक्टर म्हणतो, शंभरात एक. त्यानं कागदावर मोजलंय. मी हातानं मोजलंय."

रिधा म्हणाला, बघ. मलाही क्षणभर पटलं. एवढ्या ठामपणे सांगणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार? मग मला ते दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"उम्मी, जी उठली ती तुमच्याकडे येईलच कशी?"

रिधानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला शिवी दिली होती. उम्मींनी बोटं मिटली. एकतीस वर्षं त्यांच्याकडे फक्त मेलेल्या बायका आल्या होत्या, आणि त्यांच्यावरून त्यांनी साऱ्या गावाचं आरोग्य ठरवून ठेवलं होतं. साधी गोष्ट होती, पण त्या हुशार बाईला कधी सुचली नव्हती, कारण ती सुचवायला त्यांच्याशी बसून बोलतं कोण? दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सूप पुढं ठेवलं की खायच्या, वाटी सरकवायच्या. मला वाटलं, मी फार बोलले. वाटलं, जाऊ दे, झोळी तर झोळी. आणि लगेच वाटायचं, झोळी म्हणजे धुणारी मी.

नवव्या दिवशी मी त्यांना हम्माममध्ये नेलं. पडल्यापासून अंगाला पाणी नव्हतं, खांद्यापासून कोपरापर्यंत काळंनिळं पडलेलं, आणि स्वतःच्या अंगाच्या वासानं त्या चिडचिडल्या होत्या. खरं कारण वेगळं होतं. खाल्ती हलूमा, म्हणजे साऱ्या गल्लीची हलूमा मावशी, दर गुरुवारी तिथं असते हे मला माहीत होतं. हलूमा आमच्या गल्लीच्या तोंडाशी मातीच्या तव्यावर रोट्या भाजून विकते, अडुसष्ट वर्षांची, दातांचा पत्ता नाही. चार वर्षांपूर्वी राजधानीत लेकीकडे असताना तिचा खांदा मोडला होता आणि तिथंच कापला होता. वर्षाच्या आत परत येऊन तिनं तवा पेटवला. ही गोष्ट उम्मींना ऐकून माहीत होती. पण ऐकून माहीत असणं त्यांच्या लेखी काही नव्हतं.

आत वाफ होती, दहा-बारा बायका होत्या. आम्ही शिरलो तशा बादल्या सरकल्या. हलूमाची बादली सरकली नाही. ती उठून उभी होती आणि डोक्यावरून पाणी घेत होती, दोन्ही हातांनी, भरलेली बादली. उम्मी थांबल्या. हलूमाच्या उजव्या खांद्यावर पुढच्या बाजूनं काखेकडे उतरणारा वण होता, वीतभर, पांढरा, दोन्हीकडे टाक्यांचे ठिपके. उम्मींनी तो ओळखला असणार. असे वण त्यांनी पाहिले होते, फक्त पाणी घेताना हलणारे पाहिले नव्हते.

त्या माझा आधार सोडून तिच्यापुढं गेल्या आणि हात लावू का म्हणून विचारलं. कुणीतरी अल्लाचं नाव घेतलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि उम्मी आयुष्यात पुन्हा कुणाला काही विचारणार नाहीत.

हलूमानं बादली खाली ठेवली. "लाव की. एक ना एक दिवस लावणारच आहेस."

उम्मींनी डोळे मिटून डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. वण बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपला, हाड दाबून पाहिलं, मग तिचा हात वर उचलायला लावला आणि आतली पट्टी कशी सरकते ते जाणून घेतलं. कितीतरी वेळ. दुसऱ्या बायका आता ओशाळून आपापल्या टाचा घासत होत्या.

"गरम आहे," उम्मी म्हणाल्या.

"मग? मेलीय का मी?" हलूमा म्हणाली, आणि तिच्या बोळक्या तोंडानं अशी हसली की दोन-चार जणी हसल्याच. उम्मी हसल्या नाहीत. त्या रडत होत्या. वाफेत कुणाला कळलं नसेल, मला कळलं. मी त्यांचं अंग घासलं, डोकं धुतलं. त्या दिवशी आमच्याजवळची एकही बादली पुन्हा सरकली नाही.

परत येताना रस्त्यात त्या भिंतीला टेकून दम खायला थांबल्या. म्हणाल्या, "हात छातीपर्यंतच राहिला तर मी बसून खाणार. बसून खाणाऱ्या बायकांना मी धुतलंय, सालहा. त्यांच्या पाठीला जखमा असतात." मग विचारलं, "तुला हे काम नकोय ना?"

"नकोय, उम्मी."

"माहितीय मला. बावीस वर्षं पाणी ओततेस आणि भिंतीकडे बघतेस. कर त्या डॉक्टरला फोन."

मी केला. मला आनंद झाला होता, हेही लिहिते. रिधाशी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी भांडण झालं, पण आई ठरवून बसल्यावर त्याचं काय चालणार? त्यानं फक्त एक विचारलं, काही झालं तर तू काय करशील? मी म्हटलं, काही होणार नाही, शंभरात एक. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तेराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. चांगली झाली. डॉक्टर शेबिल बाहेर येऊन म्हणाला, तुकडे छान बसले, हाड वाटलं होतं त्यापेक्षा चिवट निघालं. संध्याकाळी उम्मी नीट शुद्धीवर आल्या. पहिल्या प्रथम काय सांगितलं, तर कापण्याआधी तिथल्या मुलीनं पिवळ्या औषधानं त्यांचं अंग धुतलं आणि सुरुवात, मयताची करतात तशी, उजव्या बाजूनं केली. "म्हटलं, बरोबर. कुणीतरी शिकवलंय पोरीला." रिधासुद्धा हसला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं.

यापुढचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं म्हटलं तर लोक मला वेडी म्हणतील. रक्त गोठू नये म्हणून पोटात टोचायच्या सुया मी वेळच्या वेळी टोचल्या. साखर मोजली. जखम कोरडी होती, ताप नव्हता. शेजारणी यायला लागल्या. आधी कुणी आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे, आता हलूमा रोज गरम रोटी घेऊन यायची आणि दोघी म्हाताऱ्या आपापले खांदे एकमेकींना दाखवत बसायच्या. हलूमा त्यांना व्यायाम शिकवायची आणि चुकलं की गधडे म्हणायची. उम्मींना गधडे म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यांना ते आवडत होतं. दुसरा हात लावून उजवा हात आधी बेंबीपर्यंत आला, मग छातीपर्यंत. शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी हनुवटीला लागला आणि त्यांनी त्याच हातानं नाक खाजवून दाखवलं. जैतुनाला मोहर येईपर्यंत डोक्यावर नेते, म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सकाळी त्या अंगणात उन्हाला बसून डाव्या हातानं मटार सोलत होत्या. मी कपडे पिळत होते. त्यांनी मला हाक मारली, आणि मी वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, श्वास घेता येत नाही याचा राग. मी मांडीवर घेतलं. त्यांनी माझी बाही डाव्या हातात घट्ट धरली. रिधाला फोन लागेपर्यंत, त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत सगळं संपलं होतं. पाच मिनिटं असतील. मटारचे दाणे सगळ्या अंगणभर झाले होते आणि रिधा ते तुडवत आत आला.

डॉक्टर शेबिलनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. पायात रक्ताची गुठळी झाली असणार आणि ती फुप्फुसात गेली असणार, म्हणाला. सुया देऊनही कधी कधी होते. माझं काही चुकलं नाही असं त्यानं दोनदा सांगितलं. मलाही तेच वाटतं. मी जे बोलले होते ते बरोबर होतं. आजही कुणी मला कागद-पेन्सिल घेऊन विचारलं तर मी तेच सांगेन, की धुणारीकडे फक्त मेलेल्याच येतात, त्यावरून जगलेल्यांचं ठरवू नका. चुकले असते तर माफी तरी मागता आली असती. बरोबर असूनही माणूस गेलं, त्याची माफी कुणाकडं मागायची?

गावाला मात्र कोडं पडलं नाही. तासाभरात बायका जमल्या आणि भिंतीशी कुजबुज सुरू झाली, लल्ला स्वतः म्हणत होती कापू नका, सुनेनं ऐकलं नाही. रिधानं तर एकच वाक्य टाकलं. "तू नेलंस तिला हम्माममध्ये." त्यानं आवाज चढवला नाही. पुढं कधी त्या विषयावर बोललाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुपारच्या नमाजानंतर दफन ठरलं. मशिदीतून फळी आली, कापूर आला, कफनाचं कापड आलं. शेजारच्या गावातली धुणारी आजारी होती आणि दुसरी यायला संध्याकाळ झाली असती. अंगणात पंधरा-वीस बायका होत्या. त्यातल्या निम्म्या जणींच्या आया उम्मींनी धुतल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्या वेळी काही थोर विचार केला नाही. माझी मुलगी दारात उभी होती, तिच्याकडे पाहिलं, मनात म्हटलं, गेलं हिचं लग्न. मग बाह्या वर केल्या. हलूमा काही न बोलता आत आली आणि तिनं पाण्याचं भांडं उचललं.

चादरीखाली हात घालून मी सुरुवात केली. भिंतीकडे बघून हे काम होत नाही, हे पहिल्या घटकेतच कळलं. बघावं लागतं. मी त्यांचं तोंड धुतलं, कानामागं धुतलं. पाठीखाली हात घालून पाहिलं, पाठ स्वच्छ होती, एकही जखम नव्हती. मग खांद्यावरची चिकटपट्टी कोमट पाण्यानं भिजवून सोडवली. टाके अजून काढायचे होते. जखम सुरेख भरत आली होती. त्यांच्या मोजणीत सतरा होत्या, अठरावी मी घातली.

उजवी काख धुवायला हात उचलावा लागतो. सवयीनं मी दोन्ही हातांनी धरला, एक कोपराखाली, एक मनगटाला, व्यायामाच्या वेळी धरायचे तसा, आणि अगदी सावकाश वर नेला. छातीपाशी थांबले. इथं त्या डोळे मिटायच्या. हनुवटीपाशी थांबले. इथं म्हणायच्या, बस गं, आता उद्या. मी आणखी वर नेला. हात कुठंच अडला नाही. कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, सरळ, पूर्ण, डॉक्टरनं सांगितलं होतं तितका.

मी तसाच धरून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. हलूमाचं भांडं वाकडं झालं होतं आणि पाणी आमच्या दोघींच्या पायांवर सांडत होतं.

"खाली घे, पोरी," ती म्हणाली. "पाणी गार होतंय."